ग्रंथाचे सांगाती

भाद्रपद वद्य षष्ठी झाली, ज्ञानेश्वरी जयंतीची पारायणे उरकली, की आमच्याकडे एकाच धाटणीचे प्रश्न येऊ लागतात. पारायण तर यथासांग झाले, पोथीवर फुले वाहिली, प्रसाद वाटला. पण उठल्यावर पदरात काय पडले ते सांगता येईना. मग कोणी विचारतो, "महाराज, ज्ञानेश्वरी आम्ही वाचतो, पण ती समजावी म्हणून जवळ दुसरं कोणतं पुस्तक ठेवावं?" दुसरा नेमका उलट विचारतो, "माउलीचा ग्रंथ समोर असता आणखी पुस्तकं हवीत कशाला? त्यानं भाव बिघडत नाही का?" दोघांचेही म्हणणे आम्हांस खरे वाटते, म्हणून दोघांनाही एकदमच उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

दुसऱ्याचा प्रश्न आधी घेऊ. ज्ञानेश्वरी म्हणजे तरी काय? गीतेचे श्लोक सातशे. ते लोकांना कळावेत म्हणून माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. गीतेला लाभलेला हा सांगातीच नव्हे काय? आणि आपण भाष्यकारांचा आधार घेतला, हे माउलींनी ग्रंथाच्या अखेरीस मोकळ्या मनाने मान्य केले आहे. नाथबाबांनी भागवताच्या एकाच स्कंधावर, अकराव्यावर, अठरा हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या आणि १५७३ साली काशीत तो ग्रंथ पुरा केला; तेही हेच काम. फार मागे गेलो तर वेदांच्या कठीण शब्दांची यादी म्हणजे निघंटू, त्या यादीवरचे विवरण म्हणजे यास्काचार्यांचे निरुक्त, आणि कोणत्या सूक्ताचा ऋषी कोण, देवता कोण, छंद कोणता हे सांगणाऱ्या अनुक्रमण्या. मूळ ग्रंथाच्या बोटाला धरून चालणारे ग्रंथ लिहिण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. विलायतेतील विद्यापीठे आज एकेका कवीसाठी, एकेका काळासाठी 'सोबतीची पुस्तके' काढतात. त्यांत अनेक पंडित आपापला लेख घालतात आणि विद्यार्थी त्यावर परीक्षा देतो. चांगली गोष्ट आहे. पण आपल्याला परीक्षा द्यायची नाही. आपल्याला ओवी लागायला हवी आहे, म्हणून आपल्या सांगात्यांची निवडही थोडी निराळी.

आता एक घडलेली हकीगत सांगतो. गाव सांगत नाही, बुवांचे नावही सांगत नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनी मनात ठेवावे.

आमच्या मंडळात दर एकादशीला रात्री एक अध्याय लावून घेण्याचा परिपाठ आहे. सांगणारे बुवा म्हातारे, पायी वारी कधी न चुकलेली, आवाज असा की वीणा खाली ठेवली तरी स्वर चालूच आहे असे वाटावे. त्यांना पोथी पाठ. एका ओवीत 'कीर' हा शब्द आला. बुवांनी नेहमीप्रमाणे सांगितले, "कीर म्हणजे पोपट. पोपट जसा शिकवलेलं बोलतो, पण त्याला त्यातलं काही कळत नाही, तसा हा जीव." त्यावर त्यांनी मोठा रसाळ दृष्टांत रंगवला. बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्याही आले, खोटे कशाला बोला.

मंडळात एक तरुण येत असे. तालुक्याच्या कॉलेजात शिकलेला, पण माळकरी घरातला. त्याच्या हातात एक कोश होता. तो उठून म्हणाला, "बुवा, रागावू नका. कीर म्हणजे इथं पोपट नाही. जुन्या मराठीत कीर म्हणजे खरोखर, नक्की. संस्कृतातला 'किल', त्याचं प्राकृतात 'किर' झालं, आणि माउलींच्या मराठीत 'कीर'. या ओवीतून पोपट काढला तर अर्थ सरळ लागतो."

सभेत गडबड झाली. एकजण म्हणाला, "चाळीस वर्षं बुवा सांगताहेत, तू काल आलास." दुसरा म्हणाला, "सहाव्या अध्यायात पोपटाचा दृष्टांत आहे की!" तो आहेच. नळीवर बसलेल्या पोपटाच्या भाराने नळी फिरते, आणि कोणी धरलेले नसता तो आपणच आपल्याला धरलेला समजून नळी सोडीत नाही, हा माउलींचा प्रसिद्ध दृष्टांत. पण तिथे शब्द शुक आहे, कीर नव्हे. बुवा बोलले नाहीत. पोथी बांधली, आरती झाली, सगळे घरी गेले. आम्हांस वाटले, आता हे मंडळ मोडते. त्या पोराने पुन्हा येऊ नये असे काहींनी ठरवूनही टाकले होते.

पुढल्या एकादशीला बुवांनी अध्याय उघडण्याच्या आधीच हात जोडले आणि म्हणाले, "मागच्या खेपेला मी पोपट सांगितला. तो पोपट माझ्या घरचा होता, माउलीचा नव्हता. पंधरा दिवस मी पोथी चाळली. जिथं जिथं कीर आहे तिथं तिथं 'खरोखर' घालून पाहिलं. सगळीकडं बसतं. पोपट फार तर कुठंतरी ओढून बसतो." मग त्या तरुणाकडे वळून म्हणाले, "बाळा, तुझं ते पुस्तक इथं देवळात ठेवून जात जा." झालं. त्या दिवसापासून आमच्या देवळातील कपाटात तो कोश आहे.

आम्ही ही हकीगत सांगितली ती कोशाची थोरवी गाण्यासाठी नव्हे. चाळीस वर्षे चुकीचा अर्थ सांगूनही बुवांची भक्ती उणी झाली नव्हती, आणि बरोबर अर्थ ठाऊक असूनही त्या पोराची ती अजून वाढायची होती. पण मग अर्थाचे काही मोलच नाही का? आहे. आपण माउलीच्या तोंडी आपले शब्द घालतो, आणि ते माउलीचे म्हणून लोकांना सांगतो. गादीवर बसणाऱ्याने याची भीती बाळगली पाहिजे.

ज्ञानेश्वरीतील शब्दांचे दोन वर्ग आम्ही करतो. पहिला, जे शब्द आपल्याला मुळीच कळत नाहीत. त्यांची फारशी भीती नाही. अडले की माणूस विचारतो. दुसरा वर्ग मोठा कावेबाज. हे शब्द ओळखीचे वाटतात म्हणून कोणी विचारतच नाही. 'फुडे' हा शब्द घ्या. वाचणारा त्याला 'पुढे' समजून सरळ पुढे जातो. वास्तविक तो स्फुट या शब्दावरून आलेला, अर्थ स्पष्ट, निश्चित. 'वावो' म्हटले की आजच्या माणसाला 'वाव मिळाला' म्हणजे जागा मिळाली, संधी मिळाली असे आठवते; ज्ञानेश्वरीत वावो म्हणजे व्यर्थ, मिथ्या. 'नाथिले' वाचून नाथपंथाचा काही संबंध असावा अशी आमच्याकडील एका भोळ्या टाळकऱ्याची समजूत होती. त्याचा अर्थ नसलेले, खोटे. 'पढिये' हा शब्द हल्लीच्या हिंदी शिकलेल्या मुलांना 'वाचा' असा वाटतो. माउलींच्या मराठीत तो आवडता, लाडका या अर्थाचा आहे. आणि 'मियां' वाचून एका मुलाने विचारले होते की हे मियाँ कोण? मियां म्हणजे मी, माझ्याकडून. आम्ही हसलो, पण मागाहून लाज वाटली. त्या मुलाने निदान विचारले. आम्ही लहानपणी ते विचारले नव्हते आणि कितीतरी वर्षे नुसते गुणगुणत होतो.

तेव्हा पहिला सांगाती शब्दांचा. ज्ञानेश्वरीच्या पुष्कळ छापील प्रतींच्या शेवटी कठीण शब्दांची यादी असते, तीवर आरंभ करावा. तिच्याने भागेना तर दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग निघाले आणि पुढे पुरवणी आली. त्यात जुन्या ग्रंथांतील प्रयोग दिलेले आढळतात. त्याच्याही आधीचा मोल्सवर्थचा कोश. १८३१ साली पहिला छापला, १८५७ साली वाढवून दुसरा. मोल्सवर्थ पलटणीतला साहेब, पण त्याच्या हाताशी शास्त्रीमंडळी होती, आणि गावठी बोलीतील, शेताभाताचे, सुतारा-लोहाराचे शब्द त्याने असे टिपले आहेत की तुकोबांच्या गाथ्यातला एखादा रांगडा शब्द दुसरीकडे मिळाला नाही तर तिथे सापडतो. अगदी अलीकडे, १९९९ साली, शं. गो. तुळपुळे आणि अमेरिकेतील विदुषी अॅन फेल्डहाउस यांनी केवळ प्राचीन मराठीचा कोश प्रसिद्ध केला. त्यातील अर्थ इंग्रजीत दिले आहेत, त्यामुळे आपल्या बुवामंडळींना तो परका वाटेल. पण घरात शिकलेली मुले-नातवंडे असतील तर त्यांच्याकडून पाहून घ्यायला हरकत कसली? नातवाने आजोबाला शब्द सांगावा आणि आजोबाने नातवाला ओवी सांगावी, हा सौदा कोणालाच तोट्याचा नाही.

दुसरा सांगाती पाठाचा, आणि इथे थोडे सावकाश चालले पाहिजे, कारण इथेच आपल्या लोकांची मने दुखावतात.

हाताने पोथ्या उतरून घेण्याच्या काळात एका पोथीसारखी दुसरी पोथी होत नसे. कोणाचा डोळा चुके, कोणी कठीण शब्दाच्या जागी सोपा घाली, कोणी भक्तीच्या भरात आपलीच एक ओवी जोडून देई. माउलींच्या मागे तीनशे वर्षांच्या आतच ही अवस्था आली होती. म्हणून नाथबाबांनी अनेक प्रती जमवून शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला. आपली ज्ञानेश्वरी जयंती ही त्याच कामाची आठवण. आणि पुन्हा कोणी आपली ओवी त्यात घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, असेही नाथांनी बजावून ठेवले. ध्यानात घ्या, आपल्या संप्रदायातला पहिला पाठशोधक कॉलेजातला प्रोफेसर नव्हता. तो पैठणचा संत होता. 'पोथीची चिकित्सा म्हणजे नास्तिकपणा' असे ज्यांना वाटते त्यांनी षष्ठीचा उत्सव कशाबद्दल करतो, याचा थोडा विचार करावा.

पुढे १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी बीडकडील पाटांगण येथे मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ही पोथी नाथांच्याही आधीची, असे त्यांचे म्हणणे. त्यावर वाद झाले. कोणत्या पोथीतील रूप जुने, कोणते मागाहून पालटलेले, हा पंडितांचा प्रांत आहे. आम्ही त्यात निवाडा देत नाही. पण राजवाड्यांनी त्याच्या जोडीस ज्ञानेश्वरीच्या भाषेचे जे व्याकरण लिहिले, त्याचा लाभ मात्र सर्वांनी घ्यावा असा आहे. राजवाडे वारकरी नव्हते. संतांविषयी त्यांनी असे कठोर लिहिले आहे की वाचून जीव कासावीस होतो. आणि त्याच गृहस्थाने माउलीच्या एकेका विभक्तिप्रत्ययापाठी इतके श्रम केले! या मनुष्याला काय म्हणावे ते आम्हांस अजून ठरवता आलेले नाही. श्रम मात्र खरे आहेत आणि ते आपल्या उपयोगी पडतात.

वाचकाने काय करावे? नित्य पाठाला आपल्या फडात जी प्रत चालते तीच ठेवावी. ती बदलण्याचे कारण नाही. सगळ्यांच्या मुखी एक पाठ असला तरच पारायणात सूर जुळतो. पण अर्थाला बसताना एखादी ओवी मुळीच लागत नाही असे झाले, तर दुसरी प्रत उघडून पाहावी. पुष्कळदा एका काना-मात्रेचा फेर निघतो आणि गाठ सुटते. मात्र एक जपावे. आपल्याला आवडलेला अर्थ निघावा म्हणून या प्रतीतले एक अक्षर आणि त्या प्रतीतले एक असे वेचून तिसरीच ओवी बनवू नये. आम्ही हे चांगल्या चांगल्या वक्त्यांकडून होताना ऐकले आहे.

तिसरा सांगाती म्हणजे सार्थ प्रत, ओवीखाली तिचा अर्थ दिलेली. आपल्या लोकांच्या हाती बहुधा हीच असते. साखरे महाराजांची सार्थ ज्ञानेश्वरी, जोग महाराजांचा सार्थ गाथा, आणि जोग महाराजांचेच शिष्य प्राचार्य शं. वा. उर्फ सोनोपंत दांडेकर यांची १९५३ सालची सार्थ ज्ञानेश्वरी, ही नावे वारकऱ्यांच्या घरोघर ठाऊक आहेत. १९१७ साली आळंदीस जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी हे अर्थ गावोगाव नेले. या प्रतींबद्दल आमची तक्रार एवढीच, आणि ती प्रतींबद्दल नसून आमच्याबद्दल आहे: डोळा ओवीवर ठरत नाही, लगेच खाली अर्थावर उडी घेतो. महिन्याभराने पाहावे तर आपण अर्थच वाचत असतो आणि ओवी वर राहून गेलेली असते. आमच्या बुवांनी यावर उपाय काढला. एक पुठ्ठा घेतला आणि अर्थाच्या भागावर ठेवला. आधी ओवी तीनदा म्हणायची, आपल्याला काय कळले ते बोलायचे, मग पुठ्ठा सरकवायचा. पहिले काही दिवस फार जड जाते. पुढे पुढे पुठ्ठा सरकवण्याच्या आधीच अर्ध्या ओव्या लागू लागतात, तेव्हाचा आनंद सांगता येत नाही.

गाथ्याची अडचण निराळी. तुकोबांची भाषा आपल्याला जवळची, त्यामुळे शब्द कमी अडतात. पण अभंग सापडत नाही. मुंबई सरकारच्या मदतीने १८६९ आणि १८७३ या साली दोन भागांत जो गाथा छापला गेला, तो देहू, पंढरपूर वगैरे ठिकाणच्या हस्तलिखितांवरून सिद्ध केलेला. त्यात ४६०७ अभंग आहेत आणि १९५० साली तो पुन्हा छापला गेला. दुसऱ्या गाथ्यांत संख्याही निराळी आणि क्रमही निराळा. संताजी जगनाडे यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनी वेगळाच गाथा प्रसिद्ध केला होता. म्हणून कोणी नुसता आकडा सांगून "अमुक अभंग पाहा" म्हटले, की ऐकणाऱ्याच्या प्रतीत तिथे भलताच अभंग निघतो. कीर्तनकारांनी, आणि आमच्याकडे लेख पाठवणाऱ्यांनीही, आकड्याबरोबर प्रत सांगावी; नाहीतर अभंगाचे आरंभीचे शब्द सांगावेत. गाथ्याच्या शेवटी जी अकारविल्हे सूची असते तिच्याकडे कोणी फिरकत नाही, पण अभंग शोधणाऱ्याला तिच्यासारखा दुसरा सोबती नाही.

आता नावांचा घोटाळा. अभंगाच्या शेवटी 'नामा' आला की तो नामदेवरायांचा, असे आपण धरून चालतो. पण नामा एकच झाला नाही. नाथांच्या काळी विष्णुदास नामा म्हणून कवी होऊन गेला. महाभारतावर त्याची ओवीबद्ध रचना आहे. त्याचे पुष्कळ अभंग नामदेवांच्या गाथ्यात मिसळले आहेत. शिखांच्या ग्रंथसाहिबात नामदेवांची म्हणून ६१ पदे आहेत, ती तर आपल्या गाथ्यापेक्षा भाषेनेच वेगळी. १९७० साली महाराष्ट्र शासनाने नामदेव गाथा काढला. तो जवळ ठेवून वाचणाऱ्याला या गुंतागुंतीची कल्पना येते. ज्ञानदेवांबद्दलही असा प्रश्न निघाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या नावाने लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी ज्ञानेश्वरी लिहिणारे वेगळे आणि अभंग लिहिणारे वेगळे, असा पक्ष मांडला. संप्रदायाला तो मानवला नाही, पंडितांतही पुष्कळांनी खोडून काढला. पण त्या वादाच्या निमित्ताने लोकांनी अभंग आणि ओव्या शेजारी शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहिले. अशी तुलना त्यापूर्वी क्वचितच झाली असेल.

यावर एका वाचकाने पूर्वी आम्हांस खडसावून विचारले होते, "एखादा अभंग नामदेवरायांचा नाही असं ठरलं, तर तो आम्ही म्हणायचा सोडावा का?" आमचे उत्तर तेव्हाही होते आणि आजही आहे: म्हणावा. विष्णुदास नामाही भक्तच होता. पण त्या अभंगावरून नामदेवरायांचे चरित्र मात्र रचू नये. म्हणणे वेगळे आणि साक्ष काढणे वेगळे.

चरित्राचा विषय निघाला म्हणून महिपतीबाबांबद्दल दोन शब्द. १७६२ सालचा भक्तिविजय, १७७४ सालचे भक्तलीलामृत. यांच्यावर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. संत कोण, कोणत्या गावचे, त्यांच्यावर काय प्रसंग आले, हे सामान्य माणसाला ठाऊक आहे ते महिपतींमुळे. एका अर्थी सबंध संतवाङ्मयाला मिळालेला हा पहिला मोठा मार्गदर्शक. आपण नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधाराने लिहितो, हे त्यांनी लपवले नाही. पण ज्ञानदेवांनंतर साडेचारशे वर्षांनी लिहिलेल्या चरित्रात सन-शकाचा निर्णय शोधू नये. तिथे वाचावे ते वेगळे आहे. सन-शकासाठी पांगारकरांचा मराठी वाङ्मयाचा इतिहास, भाव्यांचे महाराष्ट्र सारस्वत, तुळपुळ्यांची पुस्तके आहेत. काळ कळला तर अर्थही बदलतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. माउलींचा काळ देवगिरीच्या यादवांचा, राज्य आपले, भाषा दरबारी मान पावलेली. नाथांचा काळ सुलतानीचा. तुकोबांच्या तरुणपणी मोठा दुष्काळ पडला, त्यात घर बुडाले. तिघांच्या शब्दांत 'राजा' आणि 'धनी' हे शब्द येतात, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राहणारा राजा एकच नव्हता.

पुराणकथांचे असेच. संत एखाद्या भक्ताचे नुसते नाव घेतात आणि पुढे जातात. त्यांच्या श्रोत्यांना कथा ठाऊक होती. उपमन्यू म्हटले की दुधासाठी रडणारे पोर, पाण्यात पीठ कालवून देणारी गरीब आई आणि शेवटी शंकराने दिलेला क्षीरसागर, हे सगळे त्यांना एका शब्दात दिसे. आज दहा मुलांना विचारा. यासाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा १९३२ सालचा प्राचीन चरित्रकोश, आणि महादेवशास्त्री जोशी यांनी संपादिलेला दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश. गावच्या वाचनालयात हे नसतील तर मागणी करावी. महानुभावांकडे तर पूर्वीपासून स्थानपोथी आहे. चक्रधरस्वामी कुठे कुठे राहिले त्या जागांचे वर्णन करणारी, लीळाचरित्राबरोबर हाती धरण्याची. असे काम आपल्याकडे वारीच्या वाटेबद्दल कोणी करील तर किती बरे होईल.

रचनेच्या प्रकारांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते पुस्तकापेक्षा कानाने लवकर कळते. ग्रंथातल्या ओवीला अक्षरांचे बंधन नाही. तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरे, लहानात आठ-आठ. हे मोजून पाहिले की छापताना गळलेले अक्षर लगेच सापडते, हा त्याचा रोकडा फायदा. भारुडाला मात्र निराळाच सांगाती लागतो. नाथांच्या भारुडात वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो, जोगवा मागणारी येते. ज्याने मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव पहाटे दारात पाहिला नाही त्याला त्या रूपकाची अर्धी गंमत कळणार नाही. त्यासाठी कोश उघडू नका. घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा आणि ती सांगेल ते लिहून ठेवा. तिच्यामागे हे सांगणारे कोणी राहणार नाही.

बाहेरच्या पंडितांबद्दल आमचे मत विचारले जाते. गुरुदेव रानडे यांचा १९३३ सालचा महाराष्ट्रातील साक्षात्कारी संतांवरील इंग्रजी ग्रंथ घ्या, १९६९ साली शार्लोत व्होदव्हील या विदुषीने फ्रेंच भाषेत केलेला हरिपाठाचा अभ्यास घ्या, तुळपुळ्यांचा १९७९ सालचा जुन्या मराठी वाङ्मयाचा इंग्रजी इतिहास घ्या. हे लोक विषयाला दुरून पाहतात असे नव्हे; रानडे तर स्वतः साधक होते. पण टाळ हातात नसलेल्या पंडिताला एक गोष्ट बहुधा दिसत नाही. अभंग हा डोळ्यांनी वाचायचा नसून धृपद पुन्हा पुन्हा घोळत म्हणायचा असतो, आणि दहाव्या वेळी धृपदाचा अर्थ पहिल्या वेळचा राहत नाही. हे त्यांनी सांगितले नाही म्हणून त्यांच्यावर रुसू नये, आणि त्यांनी सांगितलेला शब्दार्थ आपल्या घोळण्याच्या आड येतो म्हणून फेकूनही देऊ नये.

नव्याने आरंभ करणाऱ्याने बारावा अध्याय घ्यावा. तो लहान आहे आणि भक्तीचा आहे. रोज पाच ओव्या, त्याहून अधिक नको. जवळ एक वही असावी. उजव्या पानावर अडलेला शब्द आणि आपल्याला वाटणारा अर्थ, डाव्या पानावर कोशातला अर्थ. दोन्ही जुळले तर खूण करावी, न जुळले तर कोणाला तरी विचारावे. आमच्या त्या बुवांचीही अशी वही होती. ते गेल्यावर ती मंडळाकडे आली. पहिल्याच पानावर उजवीकडे 'कीर — पोपट' असे लिहिलेले आहे. ते त्यांनी खोडले नाही. समोर डावीकडे 'खरोखर' लिहून त्याखाली त्या मुलाचे नाव आणि एकादशीची तिथी घातली आहे. कपाटाची किल्ली हल्ली त्याच मुलाकडे असते. ज्यांना कोश पाहायचा असेल त्यांनी काकड्यानंतर यावे, पुस्तक घरी नेऊ देत नाहीत.